डाव्या हाताची मूठ

४ जून

वहिनी,

नमस्कार. तुम्ही बहिणीकडे नीट पोचलात हे तिच्याकडून कळलं. फोन तुम्ही उचलत नाही. निघताना म्हणालात, "भाऊजी, फोनवर तुम्ही एकदा सुरू झालात की मला मध्ये शिरायला जागाच उरत नाही." म्हणून लिहितो आहे. पत्र निदान मध्येच बाजूला ठेवता येतं.

मालकाला दादाचं वर्कशॉप पुढच्या महिनाअखेर रिकामं हवं आहे. रोज प्रयोगशाळेतून सुटल्यावर तिथे जातो. मोठं टेबल गेलं, करवती गेल्या. बाकीची हत्यारं दादाच्याच, 'रंधेवाले' नावाच्या खात्यावरून लिलावाच्या साइटवर टाकली आहेत, तुम्ही हो म्हणाल्याप्रमाणे. लांब रंध्याला सगळ्यात जास्त बोली लागली होती. तोच, जो तुम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी स्वतः बांधून दिलात. आता त्या रंध्यावरून एक माणूस डोक्यावर बसला आहे.

साइटवर त्याचं नाव खिडकीवाला. दारं-खिडक्या करणारा सुतार असावा. त्याचा निरोप जसाच्या तसा देतो: "रंधेवाले, फोटोत होता तो रंधा हा नाही. मूठ बदलली आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." एवढंच लिहून थांबला असता तर ठीक. दादाच्या पानावर सगळ्यांना दिसेल असा शेरा टाकला आहे त्याने: "दाखवतात एक, पाठवतात दुसरं."

वहिनी, ते पान तुम्ही कधी पाहिलं आहे का? कुठकुठच्या लोकांनी दादाबद्दल लिहिलं आहे. "पातं हातात आलं तेव्हाच धार कळली." "रंधेवाल्यांनी पटाशी पाठवली, सोबत कशी घासायची तेही लिहून पाठवलं." एकही वाईट शब्द नव्हता. आणि आता सगळ्यात वर हा.

माझ्या कामात बाटलीवर जे लिहिलं तेच बाटलीत असावं लागतं. नाहीतर माणूस मरतो. फोटो मी काढला, वर्णन मी लिहिलं, आणि हा मला शिकवतो! मी त्याला दादाच्या नावानेच चार शब्द सुनावले आहेत. तुम्ही फक्त एवढं कळवा, खिडकीत ठेवून ज्याचा फोटो काढला तोच रंधा खोक्यात गेला ना?

तुमचा,
भाऊजी


९ जून

भाऊजी,

रंधा तोच आहे.

त्या माणसाचे पैसे परत करा आणि विषय मिटवा. रंधा परत मागवू नका, त्याच्याकडेच राहू दे. एका शेऱ्याने काय होतं? ज्यांना हे माहीत होते त्यांना माहीत होते.

आणि यांच्या नावाने भांडता कशाला? हे कधी कुणाशी भांडले का? गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी हे म्हणायचे, "बसा, आधी चहा घ्या." तुम्ही मात्र रक्त तपासता तसं माणसाला तपासायला घेता.

वर्कशॉपची खिडकी नीट लागत नाही, वरची कडी आधी लावायची. इथे बरं आहे. बहीण एकटीला स्वयंपाकघरात जाऊ देत नाही, जणू मी आगपेटी गिळणार आहे.

वहिनी


१२ जून

श्री. खिडकीवाला यांस,

साइटवर शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तुमच्या पत्त्यावर लिहितो.

तुमची तक्रार खोटी आहे. फोटोतला रंधा आणि तुम्हाला मिळालेला रंधा एकच आहे. तो ज्यांनी खोक्यात बांधला त्यांच्या शब्दावर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे. लाकूड फोटोत गडद दिसतं, उजेडात फिकं दिसतं, एवढी साधी गोष्ट सुताराला सांगावी लागू नये.

हा रंधा मी वर्षानुवर्षं माझ्या उजव्या हातात धरून चालवला आहे. त्याची मूठ माझ्या तळव्याला पाठ आहे. ती बदलली असती तर मला कळलं नसतं का? तुम्हाला माल पसंत नसेल तर सरळ तसं सांगा. घेतलेली वस्तू महाग पडली असं वाटू लागलं की विकणाऱ्याला लबाड ठरवायचं, ही रीत मला ठाऊक आहे.

पैसे परत करायला मी तयार आहे. पण आधी तो शेरा काढा. इतक्या वर्षांत या नावाला कुणी बोट लावलेलं नाही, आणि तुम्हालाही लावू देणार नाही.

रंधेवाले


१७ जून

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग पत्र लिहिणारा कोण आहे ते कळलं. म्हणजे, कोण नाही ते कळलं.

रंधेवाले डावरे आहेत. मीही डावरा आहे. आमची ओळखच त्यावरून झाली. बाजारातली तयार मूठ उजव्या हातासाठी घडवलेली असते, आम्हाला ती दिवसभर टोचते. मी त्यांच्याकडून पहिल्यांदा पटाशी घेतली तेव्हा सहज तक्रार केली होती की माझं मनगट संध्याकाळी सुजतं. त्यांनी लिहिलं, "डाव्या हाताने काम करता का? मग रंध्याची मूठ स्वतः कोरून घ्या. माझ्या लांब रंध्याला मी तशी केली आहे. कधी विकायला काढला तर तुम्हाला सांगेन." त्या एका वाक्यावर मी वाट बघत होतो.

लिलावातला फोटो बघितला आणि ओळखला. मुठीच्या उजव्या अंगाला अंगठ्याचा खळगा होता. डाव्या हाताने धरली तरच अंगठा तिकडे येतो. पुरता झिजून गुळगुळीत झालेला. मी विचारलं, "काम थांबवताय का?" उत्तर आलं, "हो, थांबवलं." मी दुसरी कामं पुढे ढकलून बोली लावली. आणि खोक्यात काय आलं? रंधा तोच आहे, ते मलाही दिसतं. मूठ उजव्या हाताची. नवीकोरी. कुणी कधी धरलेली नाही.

आणि आता तू मला लिहितोस की तू तो उजव्या हाताने चालवलास!

कोण आहेस तू? त्यांचं खातं तुझ्या हातात कसं आलं? म्हाताऱ्या माणसाला फसवून त्याची हत्यारं विकतो आहेस का? मी साइटवाल्यांना कळवलं आहे की हे खातं चोरीला गेलं आहे. ते म्हणाले, खुलासा आला नाही तर पान बंद करतील. करू देत. त्यांचं नाव तुझ्या तोंडी राहण्यापेक्षा ते बरं.

आधी रंधेवाल्यांना फोनवर आण. मग पैशाचं बोलू.

खिडकीवाला


२० जून

वहिनी,

सोबत त्या माणसाचं पत्र पाठवतो. वाचा. शेवटपर्यंत वाचा.

ते आलं तेव्हा मी उभ्या उभ्या फाडणार होतो. मला चोर म्हणतो! मग वाटलं, एकदा बघून तर यावं. वर्कशॉपमध्ये गेलो आणि उरलेलं एकेक हत्यार हातात घेतलं. सगळी उलटी. मापाच्या पट्टीवर दादाच्या खुणा उजवीकडून सुरू होतात. मला इतके दिवस वाटत होतं की माझाच हात बावळट आहे.

मला हे कधी माहीत नव्हतं. बाबांनी लहानपणी त्याचा डावा हात पाठीमागे बांधून उजव्याने लिहायला लावलं होतं, ते आठवतं. त्यानंतर तो घरात सगळं उजव्यानेच करायचा. लिहिणं, जेवणं, दाढी. मला वाटलं, ती सवय गेली. ती वर्कशॉपमध्ये होती.

आणि दुसरं. कपाटाशेजारी जो दुसरा लांब रंधा आहे, ज्याचा फोटो मी त्याच दिवशी काढला पण लिलावात या आठवड्यात टाकला, त्याची मूठच जागेवर नाही. नुसता स्क्रू उभा आहे. त्या फोटोत ती मूठ आहे.

म्हणजे एकाची मूठ काढून दुसऱ्याला लावली आहे, आणि दादाची मूठ गेली कुठे हे मला विचारायची गरज उरलेली नाही.

"रंधा तोच आहे." वा, वहिनी! एक शब्द खोटा नाही. वकील व्हायला हवं होतं तुम्ही. मी तुमच्या त्या तीन शब्दांवर उभा राहून एका परक्या माणसाला लबाड म्हणालो. वर स्वतः लबाड ठरलो, दादाच्या नावाने. कोणी विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, वहिनी बांधतात ते खोकं उघडून बघायची गरज नाही.

माणूस खरं बोलत होता. त्याच्या बाटलीत दुसरंच होतं. मूठ ताबडतोब पाठवा. ती त्याने विकत घेतलेली आहे. नाहीतर दादाचं पान जाईल, आणि त्यावर लोकांनी लिहिलेलं सगळं जाईल.

भाऊजी


२५ जून

भाऊजी,

हो, माझ्याकडे आहे. देणार नाही.

तुम्ही आजवर मला खूप काही विचारलंत. यांचे कपडे कुणाला द्यायचे, विचारलंत. कपाट ठेवायचं का, स्कूटर कुणी चालवेल का, औषधं परत घेतात का. मी सगळ्याला हो म्हणाले. दोन आठवड्यांत तुम्ही घर असं साफ केलंत की मलाच चपला काढून आत यावंसं वाटायला लागलं. माझं चांगलंच करत होतात, ते कळतं. म्हणून तर बोलता येत नव्हतं.

मग ते फोटो. तुम्ही रंधा खिडकीत ठेवलात आणि उजेड पडावा म्हणून तिरका केलात. तो खळगा बरोबर समोर आला. आणि तुम्ही खाली काय लिहिलंत? मी तुमच्या खांद्यावरून वाचलं. "वापरातला. किरकोळ झीज." किरकोळ! माणसाचं सगळं आयुष्य त्या खळग्यात गेलं. काम झालं तरी हे मूठ सोडायचे नाहीत. माझ्याशी बोलताना अंगठा त्यात फिरत असायचा. मी म्हणायचे, "माझा हात धरला असतात एवढा तर बरं झालं असतं." हसायचे. आणि तुम्ही त्यावर बोली मागवलीत.

बांधायला बसले तेव्हा मूठ काढायचं मनात नव्हतं. कागद गुंडाळला, दोरी लावली. मग दोरी सोडली. स्क्रू कसा काढायचा ते मला यांनीच शिकवलं होतं. दुसऱ्या रंध्याची मूठ बसवली, ती नीट बसली. वाटलं, कुणाला कळणार आहे? मूठ ती मूठ. तुम्हाला कळली का? तुम्ही सख्खे भाऊ.

तुम्हाला खरं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही ती मागितली असतीत. बघा, मागितलीच.

त्या माणसाचं पत्र वाचून मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला. त्याचा नाही. त्याने लिहिलं आहे, रंधेवाल्यांना फोनवर आण. त्या बिचाऱ्याला वाटतं, हे कुठेतरी बसले आहेत. त्याने विचारलं, काम थांबवलं का, तर तुम्ही लिहिलंत, हो, थांबवलं. एवढा मोठा माणूस गेला, आणि त्या पानावर एका ओळीतसुद्धा कुणी लिहिलं नाही की गेला! लोक यांना निरोप पाठवतात आणि तुम्ही यांचा आवाज काढून उत्तर देता. मी एक मूठ बदलली. तुम्ही काय बदललंत ते बघा.

तुमच्याने लिहवणार नाही, मला माहीत आहे. स्मशानातून आल्यापासून तो शब्द तुमच्या तोंडून मी ऐकलेला नाही. त्याचा पत्ता त्याच्या पत्राच्या पाठीमागे होता. मीच लिहिते.

वहिनी


२६ जून

खिडकीवाले यांना,

मी रंधेवाल्यांची बायको. ते फेब्रुवारीत गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही.

ज्यांनी तुम्हाला लिहिलं ते माझे दीर. चोर नाहीत. भाऊ गेला हे लिहायला लागू नये म्हणून त्यांनी भावाच्या नावाने लिहिलं. त्यांना डाव्या-उजव्याचं काही माहीत नव्हतं आणि मूठ बदललेलीही माहीत नव्हती. मूठ मी काढली. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

तुम्ही डावरे आहात हे वाचल्यावर मूठ बाहेर काढून टेबलावर ठेवली. तुमच्या मनगटाचं वाचलं होतं. खोकं शोधलं, कागदही घेतला. पण नाही जमलं. तुम्हाला ती कामाला हवी आहे आणि मला नुसती ठेवायला, तेव्हा न्याय तुमच्याच बाजूने आहे. तरी देत नाही.

पैसे दीर परत पाठवतील. रंधा तुम्हीच ठेवा. त्यांनी तुम्हाला शब्द दिला होता, तो मोडला, त्याची मला लाज वाटते.

एकच मागणं आहे. त्यांच्या पानावरचा शेरा काढा. हवं तर त्याजागी माझ्याबद्दल लिहा.


४ जुलै

वहिनी,

तुम्हाला वहिनी म्हणतो, दुसरं काय म्हणू ते सुचलं नाही. त्यांना मनातल्या मनात दादा म्हणायचो.

मला राग आला आहे आणि तो लपवत नाही. गेलेल्या माणसाच्या पानावर मी लबाड म्हणून लिहिलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून ते माझ्याकडून करवून घेतलंत. एक ओळ लिहिली असती, ते गेले, तर मी बोली लावण्याऐवजी भेटायला आलो असतो.

शेरा काढला. साइटवाल्यांना कळवलं, तक्रार माझ्या गैरसमजातून झाली. पान राहील. पैसे परत नकोत, रंधा उत्तम आहे.

आणि मूठ मला नको. मी तुमच्याकडून हिसकावून घेईन असं वाटलं का? उगाच खोकं शोधत बसलात. तो खळगा त्यांच्या अंगठ्याचा आहे, माझा अंगठा जाड. मला हवी होती ती तिची ठेवण. कागदावर ठेवून दोन्ही बाजूंनी पेन्सिल फिरवून पाठवा, माझी मी कोरीन. खळगा माझा मला पडेल. वेळ लागेल, लागू दे.

उजवी मूठ वर्कशॉपच्या पत्त्यावर परत पाठवली आहे, तुमच्या दिरांना मिळेल. त्यांना सांगा, मी चोर म्हणालो ते मागे घेतो. तो लाकडाच्या रंगावरचा धडा मात्र त्यांनीही मागे घ्यावा.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. मूठ नवी आहे, पण कोरलेली त्यांचीच, हात ओळखू येतो. डावऱ्या माणसाने उजव्या हाताची इतकी देखणी मूठ कोरली कुणासाठी?

खिडकीवाला


१० जुलै

भाऊजी,

त्याचं पत्र सोबत आहे. शेवटची ओळ तुमच्यासाठी आहे.

पेन्सिलीने मुठीची दोन्ही अंगं काढली आणि त्याला पाठवली. काढताना मूठ हलू नये म्हणून डाव्या हाताने घट्ट धरावी लागली. माझा अंगठा त्या खळग्यात सबंध बुडतो.

आता त्याचा प्रश्न. तो दुसरा रंधा यांनी तुमच्यासाठी केला होता. तुम्ही नोकरीला लागलात त्या वर्षी. म्हणाले, "दिवसभर बाटल्या हलवतो, रविवारी येऊन जरा लाकडाला हात लावेल." उजव्या हाताची मूठ कोरणं यांना किती अवघड गेलं ते मी बघितलं आहे. सारखे माझा हात मागायचे, माप बघायला. तुम्ही रविवारी यायचात, बसायचात, चहा घ्यायचात, वर्तमानपत्र वाचायचात. हे कधी म्हणाले नाहीत की घे, तुझा आहे. तसे तुम्ही दोघेही एकाच मातीचे. मी म्हणायचे, "सांगा की त्याला." म्हणायचे, "उचलेल तेव्हा उचलेल."

तुम्ही उचललात. खिडकीत ठेवलात आणि फोटो काढलात.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण "देणार नाही" म्हणून मी माझी वस्तू परक्यापासून राखली आणि घरच्याला मात्र त्याची वस्तू विकू देते आहे, असं व्हायला नको. रागात सांगते आहे असं वाटेल. रागातच सांगते आहे.

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

पार्सल परवा आलं. मूठ बसवली. स्क्रू वाकडा जात होता, दुसऱ्यांदा सरळ गेला. हातात धरला. बसतो.

 

रंधा लिलावातून काढला. त्यावर बोली संपत आली होती, त्यामुळे सगळ्यात वर असलेला माणूस खवळला आहे. निरोपावर निरोप. "भाव वाढवायला मागे घेतलात", "असले धंदे आम्हाला कळतात", असं बरंच काही. आधी नेहमीप्रमाणे दादाच्या नावाने उत्तर लिहायला घेतलं. मग पुसलं. असं लिहिलं:

"रंधेवाले फेब्रुवारीत वारले. मी त्यांचा धाकटा भाऊ. हा रंधा माझा आहे, हे मला माहीत नव्हतं. चुकून विकायला ठेवला. तुमचा राग बरोबर आहे."

त्यातली पहिली ओळ पानावर सगळ्यात वर लावली आहे. उरलेल्या प्रत्येक हत्याराखाली "डाव्या हाताचं" असं लिहिलं आहे. कुठेही "किरकोळ" लिहिलेलं नाही.

मालकाकडून महिनाअखेरीच्या पुढचा एक रविवार मागून घेतला. फळी मी आणली आहे. रंधा कुठल्या टोकाकडून चालवायचा ते तुम्हाला माहीत असेल. या.

खिडकीची वरची कडी आधी लावतो.

तुमचा,
भाऊजी